बुजलेला सांधा

महानंदा गेल्याचं कळलं तेव्हा म्हेत्रे सर फळ्यावर प्रसरण सांध्याचा छेद काढत होते. दुसऱ्या वर्षाचा बांधकामाचा तास होता. दोन भिंती, मधे बोटभर जागा, त्या जागेत मऊ बोर्ड आणि वरून पत्र्याची पट्टी. पट्टी एकाच बाजूला ठोकायची, एवढं सांगायचं राहिलं होतं आणि फोन वाजला. महानंदाच्या गाडीचा ड्रायव्हर होता. विजापूरजवळच्या एका पाण्याच्या टाकीची पाहणी करून परत येताना मॅडम म्हणाल्या, जरा गाडी थांबव. दाराला हात लावला, आणि तेवढंच. दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं.

सरांनी फोन खिशात ठेवला. खडू उचलला आणि पट्टीला एका बाजूने खिळा काढला.

"दुसरी बाजू मोकळी," ते म्हणाले. "दोन्हीकडे ठोकलीत तर सांधा असून नसल्यासारखा. काँक्रीट उन्हात वाढतं, थंडीत आकसतं. त्याला हलायला जागा द्यायची. आपण दिली नाही तर ते स्वतः करून घेतं, आणि ती जागा आपल्याला परवडत नाही."

मग ते जिना उतरून खाली गेले आणि पार्किंगमध्ये स्वतःची स्कूटर शोधत उभे राहिले. ती समोरच होती. संध्याकाळी मुलांना सगळं कळलं तेव्हा कुणी म्हणालं, सरांचं काळीज दगडाचं आहे. सरांच्या कानावर ते आलं. खिळा काढायचा राहिला होता, म्हणून काढला, एवढंच त्यांना आठवत होतं.

सोलापुरातल्या त्या वास्तुकला महाविद्यालयात सिद्राम म्हेत्रे सर बांधकाम आणि साहित्य हा विषय शिकवायचे. विटा, चुना, लाकूड, काँक्रीट. त्यांच्या बायकोचं, डॉक्टर महानंदा म्हेत्रे यांचं नाव मात्र पार बेंगळुरूपर्यंत माहीत होतं. 'जितं काँक्रीट' तिने केलं होतं.

त्यातलं विज्ञान सर पहिल्या वर्षाला असं सांगत. काही जिवाणू अन्नपाणी संपलं की स्वतःभोवती कवच करून झोपतात. बरणीतल्या बियाण्यासारखे, वर्षानुवर्षं. काँक्रीट कालवतानाच ते मिसळायचे. पुढे कधी तडा गेला, आत ओल शिरली, की ते जागे होतात, अन्न खातात आणि चुनखडी तयार करतात. तडा दगडाने भरून निघतो. अन्न संपलं की पुन्हा झोप. ही कल्पना जुनीच होती. पण जुने जिवाणू केसाएवढाच तडा भरायचे आणि त्यांचं अन्न काँक्रीटमध्ये आधीच घालून ठेवावं लागायचं. महानंदाने अशी जात तयार केली जी हवेतल्या दमटपणावर जागी होई, आसपास मिळेल त्यावर जगे आणि चांगली मोठी भेगसुद्धा बुजवी. दहा-बारा वर्षांत सोलापूर, विजापूर, कलबुर्गी या भागात टाक्या, शाळा, दवाखाने तिच्या काँक्रीटने उभे राहिले. गळणारी टाकी ही गोष्ट मुलांना समजावून सांगावी लागू लागली.

"तुमचं सगळं शिकवणं म्हणजे फटी सोडणं," ती जेवताना म्हणायची. "आणि माझं सगळं काम म्हणजे फटी बुजवणं. आपलं लग्न कुणी जमवलं हो?"

"तुझ्या मामाने. त्याला बांधकामातलं काही कळत नव्हतं."

बांधकाम विभागाची नवी इमारत दोघांनी मिळून केली. काँक्रीट तिचं, सांधे त्यांचे. सांध्यात भरायचा बोर्ड कोणता, यासाठी सरांनी वर्गात स्पर्धा लावली होती. एका गटाने उसाच्या चिपाडाचा दाबून केलेला बोर्ड आणला. आजूबाजूला साखर कारखाने, चिपाड हवं तेवढं, हलकं, स्वस्त आणि चांगलं दबणारं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बक्षीस महानंदानेच दिलं आणि तोच बोर्ड सांध्यात गेला.

ती गेल्यावर इमारतीला तिचं नाव दिलं. सर घरी फक्त झोपायला जाऊ लागले. घरात तिच्या दोन चपला दारामागे तशाच होत्या आणि स्वयंपाकघरात उभं राहिलं की पुढे काय करायचं ते सुचत नसे. कॉलेजात निदान तास असत. मुलं भिंतीवर कंपासच्या टोकाने नावं कोरत आणि पाच-सहा महिन्यांत ती नावं भरून जात. सर त्या जागेवरून हात फिरवत. तिने केलेली एक गोष्ट अजून काम करते आहे, एवढं त्यांना पुरत होतं. मित्र फिरायला बोलवत, पुतण्या पुण्याला ये म्हणत होता. सर म्हणत, बघू. सुट्टीतही ते त्या इमारतीतच बसलेले असत.

दोन वर्षं अशी गेली. एप्रिलमध्ये तिसऱ्या वर्षाचं मोजणीचं काम तपासायला आलं. उन्हामुळे आता कॉलेज पहाटेच भरे आणि बाराला सुटे. मुलांनी उभी असलेली एखादी इमारत टेप लावून मोजायची आणि तिचे छेद काढायचे, असं ते काम. आफरीन शेखने हीच इमारत घेतली होती. सरांनी तिच्या कागदावर लाल पेन्सिलीने गोल केला.

"इथला सांधा कुठे गेला?"

"सांधा नाहीये सर."

"नाहीये म्हणजे? मी समोर उभं राहून करून घेतलाय तो."

"मग दाखवा की सर."

वर्ग हसला. मागून बसवराज म्हणाला, "सर, तिला चष्मा लागलाय. माझ्या दादाच्या गटाचा बोर्ड आहे बे त्यात. बक्षीस मिळालेलं."

"तू गप रे," आफरीन म्हणाली. "सर, पट्टीचे स्क्रू काढून बघितलं मी. तुम्हीच सांगता ना, दिसतं ते काढायचं, असायला हवं ते नाही."

सर तिच्याबरोबर खाली गेले. तळमजल्यावर प्रयोगशाळेच्या लोखंडी दाराशेजारी सांध्याची पट्टी होती. आफरीनने ती सोडवली. आत जागा नव्हती. दाताच्या कवचासारखं पांढरं, गुळगुळीत काहीतरी दोन्ही भिंतींना एक करून बसलं होतं. सरांनी करवतीचं पातं लावून पाहिलं. नखभरही आत जाईना. चिपाडाचा एक धागा शिल्लक नव्हता.

ते जमिनीवर बसले. आफरीनला वाटलं त्यांना उन्हाचा त्रास होतोय.

"पाणी आणू का सर?"

"थांब. चिपाडात काय असतं?"

"तंतू... आणि थोडी साखर राहतेच, कितीही धुतलं तरी."

"हां," सर म्हणाले.

ते कुणाच्या लक्षात येण्यासारखं नव्हतं. महानंदाने प्रयोगशाळेत तडे तपासले होते, शेकड्यांनी. सांधा तपासायचं कुणाला सुचेल? सांध्याची रुंदी जिवाणूंना एरवी पेलली नसती. पण इथे मधे आधाराला तंतू होते आणि खायला साखर होती. दोन पावसाळे ओल मिळाली, आणि थंडीत इमारत आकसून सांधा जास्तीत जास्त रुंद झालेला असताना शेवटची फट भरली. तडा म्हणजे दुखापत आणि सांधा म्हणजे मुद्दाम ठेवलेली जागा, हे भिंतीला कुणी सांगितलं नव्हतं. तिने दोन्ही बुजवलं.

आता मे यायचा होता. चव्वेचाळीस, पंचेचाळीस, कदाचित त्याहून वर. एवढी लांब इमारत बोटाच्या जाडीएवढी वाढू पाहणार आणि तिला कुठेच जायला जागा नाही. शिवाय साधी इमारत ताण सहन झाला नाही की तडा देऊन सांगते. ही सांगणार नव्हती. बारीक तडे ती त्याच आठवड्यात भरून टाकत होती. वरून सगळं ठणठणीत दिसणार.

"सर, बाकीच्या इमारती?" आफरीनने विचारलं. "हाच बोर्ड सगळीकडे वापरतात आता."

"माहीत आहे."

"मग सांगायला पाहिजे ना?"

"सांगू. तू आत्ता कुठे बोलू नकोस."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. सरांनी पट्टी परत लावली. चारही स्क्रू नीट आवळले.

प्राचार्य गोसावी मॅडम महानंदाच्या जुन्या मैत्रीण. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, एसीचा आवाज कमी केला.

"म्हेत्रे सर, तुम्ही हे लिहून दिलंत तर उद्या लोक बोर्डाचं नाव घेणार नाहीत. जितं काँक्रीट धोक्याचं, एवढंच छापून येणार. तिची पंचवीस वर्षं गेली त्यात."

"बोर्ड बदलला तर प्रश्न नाही, हेही लिहितो की."

"कोण वाचतंय तेवढं? पंधरा दिवसांत समिती येतेय, तिच्या नावाने अध्यासन मंजूर होतंय. पंधरा दिवसांनी सुट्टीच लागते. सुट्टीत शांतपणे सांधे कापू. कुणाला कळायचंही कारण नाही."

"ऊन काही सुट्टीसाठी थांबणार नाही, मॅडम."

"पंधरा दिवस, सर. तिच्यासाठी."

ते 'बरं' म्हणाले. खरं तर कुणीतरी थांबा म्हणावं, हेच त्यांना हवं होतं. त्या रात्री झोप लागली नाही. बोललं तर ती दुसऱ्यांदा जाणार होती, आणि या वेळी फोन सरांनीच करायचा होता. न बोलावं तर रोज सकाळी सव्वाशे मुलं त्या इमारतीत पाठवायची. ते रोज पहाटे जाऊन खांबांवर टिचक्या मारत, दारं उघडझाप करून बघत. तळमजल्याचं दार दिवसेंदिवस जड होत होतं. त्यांनी बिजागऱ्यांना तेल घातलं.

समिती यायच्या आदल्या दिवशी तिसऱ्या वर्षाची ज्युरी होती. बाहेरून परीक्षक येणार, मुलांनी मॉडेलं मांडायची, वर्षभराचं काम एकेकाने समजावून सांगायचं. परीक्षकांची गाडी उशिरा निघाली म्हणून ज्युरी दुपारवर गेली. वरचे मजले तापले होते, म्हणून मॉडेलं तळमजल्याच्या प्रयोगशाळेत आणली. सरांना ते पसंत नव्हतं. ते "वरच बसा की" म्हणाले, पण कारण सांगता येईना, आणि कारणाशिवाय कोण ऐकतो? बाकीची इमारत बाराला रिकामी झाली होती. गार राहावं म्हणून मुलांनी लोखंडी दार लावून घेतलं.

आफरीन बोलत असताना आवाज झाला. बंदूक उडाल्यासारखा. दोन खिडक्यांच्या काचा एकदम तडकल्या. मग जमिनीतून एक लांब कण्हण्यासारखा आवाज आला आणि थांबला.

"भूकंप बे!" बसवराज ओरडला आणि दाराकडे धावला. दार हलेना. चौघं लागले, तरी हलेना. दोन्ही बाजूंच्या भिंतींनी चौकट चिमट्यात धरली होती. खिडक्यांना जाड गज होते. आत अकरा मुलं, घाम पुसणारे परीक्षक आणि सर.

"मला तर आधीच वाटत होतं, ज्युरी आपला जीव घेणार," बसवराज म्हणाला. कुणी हसलं नाही. थोड्या वेळाने तोच खाली बसून रडू लागला. आफरीनने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि सरांकडे पाहिलं.

सरांनी वर पाहिलं. कोपऱ्यातल्या खांबाच्या माथ्याशी, तुळई टेकते तिथे, तिरका तडा होता. नवीन. तडा भरून यायला दिवस लागतात. इमारत खाली यायला तेवढे लागले नसते.

बाहेर माणसं जमली. गोसावी मॅडम खिडकीशी आल्या, मागोमाग अग्निशमन दलाचे लोक. उद्याच्या समितीच्या बातमीसाठी आलेले दोन पत्रकारही मोबाइल वर धरून उभे होते.

"सर, घाबरू नका," मॅडम गजांतून म्हणाल्या. "दार अडकलंय म्हणून सांगितलंय मी त्यांना. चौकटीत जॅक लावून फाकवतील, दोन मिनिटांचं काम." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "बाकीचं नंतर बोलू."

जॅक लावणार म्हणजे त्या चेपलेल्या भिंतींवर आणखी जोर येणार. आणि तो जोर सरळ त्या खांबावर. बाहेर लोखंड ओढत आणल्याचा आवाज सरांना ऐकू आला. जॅक का लावायचा नाही हे सांगायचं, तर सगळंच सांगावं लागणार होतं.

सर गजांना धरून उभे राहिले. आयुष्यभर शेवटच्या बाकापर्यंत पोचवलेला आवाज त्यांनी काढला.

"जॅक लावू नका! दार बिघडलेलं नाही. इमारतीचा सांधा बुजलाय. जित्या काँक्रीटने बुजवलाय. माझ्या बायकोच्या काँक्रीटने. ऐकताय ना? इमारत वाढायला बघतेय आणि तिला जागा नाही. चौकट फाकवलीत तर खांब जाईल आणि आम्ही सगळे खाली जाऊ. हे मला दोन आठवडे माहीत होतं."

मॅडम खिडकीपासून मागे सरकल्या. दलाचा एक जवान पुढे आला.

"मग काय करू, सर?"

"पट्टी काढा. सांध्यावर भोकं पाडा, एकाला लागून एक, वरपासून खालपर्यंत. करवत लावू नका, पातं आवळून बसेल. आतून आम्ही पाडतो."

प्रयोगशाळेत हॅमर ड्रिल होतं. सर टेबलावर चढले. पहिलं भोक खांबाच्या उंचीवर घेतलं. पांढरी पूड त्यांच्या चष्म्यावर, तोंडात आली. दुसरं, तिसरं. भोक पाडून ड्रिल बाहेर काढलं की ते डोळ्यांदेखत चपटं होई, इतकी भिंत दाबत होती. प्रत्येक भोकागणिक दगडाला चिरडायला थोडी जागा मिळत होती. सरांना ड्रिल पेलेना तेव्हा आफरीनने ते घेतलं, मग बसवराजने, नाक पुसत. परीक्षक विजेची वायर धरून उभे राहिले. पलीकडून जवानांचं ड्रिल चालू होतं. भोकांची रांग गुडघ्यापर्यंत आली तेव्हा आत काहीतरी कर्रकन चिरडलं आणि दोन्ही भिंती जवळ सरकल्या. अगदी थोड्या. दाराची चौकट सैल झाली. बसवराजने लाथ घातली आणि दार उघडलं.

सर शेवटी बाहेर आले. आफरीन झाडाखाली उभी होती.

"दोन आठवडे, सर," ती म्हणाली.

"हो."

सरांनी चष्म्यावरची पूड पुसली.

पुढचं सगळं गोसावी मॅडम म्हणाल्या होत्या तसंच झालं. वर्तमानपत्रांनी 'जित्या काँक्रीटचा विळखा' असं छापलं. बोर्डाचं नाव सातव्या ओळीत होतं. अध्यासन रद्द झालं. इमारतीवरचं महानंदाचं नाव काढलं, त्याचे खिळे होते ती भोकं तेवढी राहिली. सरांनी दोन आठवडे गप्प बसल्याचं लिहून दिलं आणि चौकशी समितीने त्यांना शिकवण्यातून बाजूला केलं. पण सांधे उघडायचं काम कुणाला तरी करायला हवं होतं आणि ते त्यांच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. म्हणून तेच काम त्यांना दिलं.

चिपाडाचा बोर्ड घातलेल्या इमारती शोधून एकेक बंद केल्या गेल्या. मे आणि अर्धा जून सर गाडी घेऊन फिरत होते. बसवराज पहिल्या दिवसापासून बरोबर होता. आफरीन आठवड्याने आली, कुणी बोलावलं नसताना. पद्धत ठरलेली होती. आधी भोकं पाडून सांधा मोकळा करायचा. मग दोन्ही कडांना मोरचुदाचं निळं पाणी पाजायचं, म्हणजे तिथले जिवाणू मरतात आणि सांधा पुन्हा बुजत नाही. मग रबराची पट्टी. भोकं मुलं पाडत. निळं पाणी सर स्वतः ओतत, ते काम त्यांनी कुणाला दिलं नाही. भिंत ते पाणी पिताना बारीक सू सू आवाज येई. पहिल्या दिवशी बसवराजने विचारलं, "सर, तुम्हाला कसंतरी होत नाही?" आफरीनने त्याला कोपराने ढोसलं. सर म्हणाले, "होतं की. बादली दे इकडे."

टाक्या झाल्या. दवाखाने झाले. शाळा झाल्या. यादीत शेवटी एक नाव उरलं, महानंदाच्या माहेरच्या गावातली शाळा. तिचे वडील तिथे मास्तर होते. जित्या काँक्रीटचा पहिला घाणा तिथे पडला होता. तेव्हा मशीन आलं नव्हतं म्हणून महानंदाने पदर खोचून, गावातल्या बायकांबरोबर फावड्याने तो कालवला होता. तिच्या हातचं असं काँक्रीट तेवढंच. बाकी सगळं इतरांनी केलेलं. मागाहून शाळेला खोल्या जोडल्या, तेव्हा जुन्या-नव्याच्या मधल्या सांध्यात चिपाडाचा बोर्ड गेला होता.

मेहुण्याचा फोन आला. "दाजी, शाळा सुरू झाली. पोरं देवळात बसवलीत मास्तरांनी. पाऊस आला की तिथे गळतंय. कधी येताय?"

"येतो."

"मागच्या आठवड्यातही येतोच म्हणालात."

"येतो रे, शिवानंद."

"ताईचं काम आहे म्हणून जमत नसेल, तर दुसरं कुणी पाठवा. आम्ही काय म्हणणार नाही."

"नाही. मीच येणार."

ड्रिल, रबराच्या पट्ट्या आणि मोरचुदाची पोती गाडीत भरलेली आहेत. आफरीन आणि बसवराज रोज सकाळी फोन करून विचारतात, आज निघायचं का? सर म्हणतात, उद्या.

त्या शाळेला कुलूप आहे. तिथला सांधा उघडायचा राहिला आहे.